भारताच्या यादीत वॉर्सा आलं तर: अमेरिकेतली परदेशी पेटंटं कशी मोजावीत

‘भारतीयांनी अमेरिकेत इतकी पेटंटं मिळवली’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असते. आकडा कसा काढला हे मात्र कोणी सांगत नाही. ठाण्यात घरी बसून बरीच वर्षं हा उद्योग करतोय, म्हणून सांगतो.

डेटा उतरवणं सोपं आहे. अमेरिकेचं पेटंट कार्यालय दर मंगळवारी नवी पेटंटं जाहीर करतं आणि फायली फुकट देतं. त्यातली युटिलिटी पेटंटं, म्हणजे यंत्रं, औषधं, प्रक्रिया अशा शोधांची, ठेवा; डिझाइन आणि वनस्पतींची बाजूला काढा. बाटलीचा आकार आणि नवं औषध एका तराजूत घालायचं नाही.

खरी डोकेदुखी देश ठरवताना. फाइलमध्ये राज्याचा एक रकाना असतो आणि देशाचा एक. देशाच्या रकान्यात ‘आयएन’ म्हणजे भारत, राज्याच्या रकान्यात तेच ‘आयएन’ म्हणजे अमेरिकेतलं इंडियाना राज्य. पहिल्या वर्षी मी दोन्ही रकान्यांत एकत्रच ‘आयएन’ शोधलं आणि भारताचा आकडा पाहून खूश झालो. कृत्रिम गुडघे, खुबे, डिझेल इंजिनं, औषधं, सगळ्यात आपण पुढे! मग शहरांची यादी उघडली तर त्यात वॉर्सा. हे इंडियानातलं वॉर्सा, कृत्रिम सांध्यांच्या कारखान्यांचं गाव. दोन रविवारांची मेहनत पाण्यात गेली. ‘सीए’ कॅलिफोर्निया की कॅनडा, ‘डीई’ डेलावेअर की जर्मनी, ‘आयएल’ इलिनॉय की इस्रायल, हाच घोळ तिथेही आहे. तेव्हा आधी फक्त देशाच्या रकान्यावरून निवडा आणि नंतर शहरांवरून डोळ्यांनी नजर फिरवा. ही पायरी गाळलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आता देश कोणाचा घ्यायचा? ऐरोलीतल्या संशोधन केंद्राची मालक कंपनी अमेरिकी असेल तर पेटंटचा मालक अमेरिकेत आणि शोध लावणारे ऐरोलीत. डोकी कुठे राबतात हे पाहायचं असेल तर शोधकर्त्याचा राहता पत्ता घ्या. पैसा कुठे जातो हे पाहायचं असेल तर मालकाचा. दोन्हींची सरमिसळ नको. आडनावावरून तर अजिबात मोजू नका, सॅन होजेत राहणारे कुलकर्णी या हिशेबात अमेरिकेचेच. तिघे रबाळ्यातले आणि एक टेक्ससचा असेल तर भारताला पाऊण द्या आणि अमेरिकेला पाव. पहिल्या नावाच्या देशाला अख्खं पेटंट देण्याची जुनी पद्धत सोपी आहे, पण एकत्र केलेल्या कामावर अन्याय करते.

आपल्या भागापुरतं मोजायचं असेल तर शहराचं नाव हातानेच जुळवावं लागतं. ठाणे, ठाणा, ठाणे वेस्ट, न्यू बॉम्बे, वाशी, कोपरखैरणे, लोक मनाला येईल ते लिहितात. त्यात खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात, आणि 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर ठाण्यातून वेगळा. जिल्ह्याने मोजणार असाल तर हे आधी ठरवा.

पुढे दुरुस्त्या. आठवड्याची फाइल म्हणजे पेटंट मंजूर झाल्या दिवशीचा फोटो. नंतर निघालेलं दुरुस्ती प्रमाणपत्र त्या फायलीत येत नाही, आणि कधीकधी शोधकर्त्याचं नावच वाढतं किंवा उडतं. रीइश्यू, म्हणजे चूक सुधारून पुन्हा दिलेल्या, पेटंटांचा क्रमांक ‘आरई’ने सुरू होतो. ती देताना मूळ पेटंट परत घेतलं जातं, म्हणून दोन्ही मोजलीत तर एकाच शोधाची दोन होतात. मी मूळ ठेवतो, ‘आरई’ सोडतो. क्रमांक मिळूनही मागे घेतलेल्या पेटंटांची वेगळी यादी असते, तीही वजा करा.

वर्ष मंजुरीचं घेऊ नका. आपल्याच देशाचं पाहा: भारतीय पेटंट कार्यालयाने 2022-23 मध्ये सुमारे 34 हजार पेटंटं दिली आणि 2023-24 मध्ये एक लाखाहून जास्त. वर्षभरात आपली बुद्धी तिप्पट झाली नाही, टेबलावरचा ढीग उपसला गेला. मंजुरीचं वर्ष कार्यालयाचा वेग दाखवतं. अर्थव्यवस्थेची नाडी पाहायची तर त्या शोधासाठी केलेल्या सगळ्यात पहिल्या अर्जाचं वर्ष घ्या. मग लोकसंख्येने भागा, नाहीतर छोट्या देशांशी तुलनाच होत नाही.

पहिल्या अर्जाच्या वर्षाने मांडलं की आलेखाची अलीकडची तीन-चार वर्षं घसरलेली दिसतात. घाबरू नका, ते अर्ज अजून तपासणीत अडकलेत. मी तेवढा भाग तुटक रेघेने काढतो आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर दोन वर्षांनी या म्हणतो.