एका रात्रीसाठी भीतिदायक व्हिडिओ गेम कसा निवडावा

घरची मंडळी गावाला गेली आहेत, दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे आणि जेवण आटोपून रात्री दहाच्या सुमारास संगणकासमोर बसायचे ठरले आहे. अशा वेळी बहुतेक जण ‘सर्वांत भीतिदायक गेम’ एवढाच शोध घेतात आणि यादीतले पहिले नाव विकत घेतात. मग एक तर वीस मिनिटांत गेम बंद करून घरातले सगळे दिवे लावले जातात, नाहीतर कंटाळवाण्या सुरुवातीतच पहाट होते. या दोन्ही फजित्या मी अनुभवल्या आहेत, आणि माझ्या मते चूक शोधण्याच्या प्रश्नातच असते. एका रात्रीसाठीचा गेम सर्वांत भीतिदायक असण्याची काहीच गरज नाही. तो त्या रात्रीच्या मापाचा असावा, आणि खेळणाऱ्याला ज्या जातीची भीती आवडते त्या जातीचा असावा.

आधी रात्र मोजावी

दहा ते दोन असे चार तास धरले, तरी सेटिंग पाहणे, पाणी आणणे आणि मध्येच येणारा फोन यांत अर्धा तास सहज जातो. उरलेल्या साडेतीन तासांत काय बसते, हे नाव ठरवण्याच्या आधी पाहावे. ‘एलियन: आयसोलेशन’ हा २०१४ सालचा गेम या प्रकारातील उत्तम कामांपैकी एक आहे यात शंका नाही; परंतु तो पुरा करायला पंधरा ते वीस तास लागतात, आणि त्यातला परग्रहावरचा प्राणी खऱ्या अर्थाने मागे लागेपर्यंतच बराच वेळ निघून जातो. याउलट २०२२ सालचा ‘आयर्न लंग’ साधारण तासाभरात संपतो. तैवानमधील रेड कँडल गेम्सचा ‘डिटेन्शन’ आणि स्वीडनच्या टार्सियर स्टुडिओजचा ‘लिटल नाइटमेअर्स’ हे दोन्ही २०१७ सालचे गेम तीन-चार तासांत पुरे होतात, म्हणजे एका रात्रीत आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही पदरात पडतात.

गेमला किती वेळ लागतो हे ‘हाऊ लाँग टू बीट’ या संकेतस्थळावर पाहता येते. तेथे दिलेल्या मुख्य कथेच्या वेळेत मी भयपटाच्या जातीच्या गेमसाठी एक तृतीयांश वेळ आणखी मिळवतो, कारण घाबरलेला माणूस सरळ चालत नाही. तो कपाटात लपतो, प्रत्येक दारापाशी थांबतो आणि कारण नसताना मागे वळून पाहतो.

मोठाच गेम हवा असेल, तर तो मध्येच सोडता येतो का हे तपासावे. ‘रेसिडेंट एव्हिल २’च्या २०१९ सालच्या नव्या आवृत्तीत टाइपरायटर ठेवलेल्या खोल्या आहेत, तेथे सेव्ह करून शांतपणे उठता येते. ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये मात्र भिंतीवरच्या ठरावीक यंत्रांपाशीच सेव्ह होते, तेही काही क्षण थांबून, आणि त्या क्षणांत मागून झडप पडू शकते. झोपेच्या वेळी हे यंत्र सापडत नसेल तर अर्ध्या-पाऊण तासाचे काम वाया घालवून उठावे लागते.

आपली भीती कोणत्या जातीची, हे ओळखावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. मराठीत घाबरण्याला कितीतरी शब्द आहेत, आणि दुकानात ‘हॉरर’ या एकाच खणात ठेवलेल्या गेमची प्रतवारी करायला ते फार उपयोगी पडतात. दचकणे वेगळे, धास्ती वेगळी, पाठलागाची धडधड वेगळी, किळस वेगळी आणि मन विषण्ण होणे तर अगदीच वेगळे. लहानपणी आजोळी ऐकलेल्या गोष्टींपैकी कोणती गोष्ट अंथरुणात गेल्यावरही पाठ सोडत नसे, हे आठवून पाहावे. हडळ एकदम समोर येते ती, की वाट चुकवणाऱ्या चकव्याची, ज्यात कोणीच दिसत नाही पण माणूस रात्रभर त्याच बांधावर परत येत राहतो? उत्तर बरेच काही सांगून जाते.

दचकवणाऱ्या गेमचा नमुना म्हणजे २०१४ सालचा ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’. खेळणारा एका पिझ्झाच्या उपाहारगृहातील रात्रपाळीचा पहारेकरी असतो. तो जागचा हलत नाही. कॅमेऱ्यांवर चालत्या बाहुल्यांची ठिकाणे पाहतो आणि दोन्ही बाजूंची दारे वेळेवर बंद करतो. दारे, दिवे आणि कॅमेरे सगळे मोजक्या विजेवर चालतात, आणि वीज संपली की दारे उघडी पडतात. भारनियमनात वाढलेल्या पिढीला ही कल्पना निराळी समजावून सांगावी लागणार नाही. गेममधील बारा ते सहा ही एक रात्र प्रत्यक्षात दहा मिनिटांहून कमी वेळात संपते, त्यामुळे हवे तेव्हा थांबता येते. दचक तीव्र असते, पण लगेच ओसरते. ज्यांना झोप प्रिय आहे त्यांच्यासाठी हा प्रकार वाटतो तितका वाईट नाही. हृदयविकार असलेल्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

धास्तीचा प्रकार याच्या उलट चालतो: बराच वेळ काहीच घडत नाही, आणि तेच सोसवत नाही. १९९९ सालच्या ‘सायलेंट हिल’मधील धुके याचे उत्तम उदाहरण आहे. त्या काळच्या प्लेस्टेशनला दूरवरचे दृश्य उभे करणे झेपत नव्हते, म्हणून ते धुक्यात आणि अंधारात लपवले गेले. यंत्राच्या त्या उणिवेतूनच त्या गावाची ओळख तयार झाली. पात्राच्या खिशातला रेडिओ खरखरू लागला की जवळ काहीतरी आहे एवढे कळते, पण कोठे ते कळत नाही. २०१० सालचा ‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ याच घराण्यातला, मात्र अधिक निर्दय. त्यात हत्यार नाही. अंधारात राहिले तर नायकाचे भान सुटू लागते आणि राक्षसाकडे टक लावून पाहिले तरी सुटते, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्यावर नजर ठेवण्याचीही सोय उरत नाही. त्यातील पाणी साचलेल्या तळघरात जो जीव मागे लागतो तो दिसतच नाही, फक्त पाण्यावर पावले उमटत येतात. माझ्या मते एकट्याच्या रात्रीसाठी हीच जात सर्वांत खरी, कारण ती शांत घराचा पुरेपूर उपयोग करून घेते आणि गर्दीत खेळली तर निम्मी वाया जाते.

पाठलागाच्या गेममध्ये शत्रू कसा विचार करतो, यावर सगळे अवलंबून असते. ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये या कामाचे दोन भाग केलेले आहेत. गेमच्या आज्ञावलीतला एक अदृश्य सूत्रधार नेहमी जाणतो की खेळणारा कोठे आहे. प्राण्याला स्वतःला मात्र ते ठाऊक नसते. सूत्रधार त्याला अधूनमधून केवळ परिसराचा इशारा देतो, पुढचा शोध त्याने डोळ्यांनी आणि कानांनी घ्यायचा असतो, आणि ताण फार वाढला की सूत्रधारच त्याला थोडा दूर नेतो. म्हणून तो प्राणी ना आंधळेपणाने भटकतो, ना अन्यायाने प्रत्येक वेळी नेमका सापडतो. ‘रेसिडेंट एव्हिल २’मधील टोपीवाल्या धिप्पाड पाठलागकर्त्याची पावले भिंतीपलीकडून ऐकू येतात, आणि थोड्या वेळाने खेळणारा नकाशा पाहणे सोडून नुसत्या कानांवर चालू लागतो. ज्यांना भीतीबरोबर हातपाय हलवायला हवेत, त्यांनी ही जात निवडावी.

किळस वाटण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर ‘आउटलास्ट’ आणि ‘रेसिडेंट एव्हिल ७’ यांत रक्त, चिरफाड आणि विद्रूप शरीरे भरपूर आहेत. जेवण नुकतेच झाले असेल तर याचा विचार करावा.

विषण्ण करणाऱ्या गेमबाबत मात्र अधिक काळजीने लिहायला हवे. ‘सोमा’, ‘डिटेन्शन’, ‘सायलेंट हिल २’ आणि २०२४ सालचा ‘माउथवॉशिंग’ हे फार चांगले गेम आहेत, परंतु त्यांची भीती पडदा बंद केल्यावर बंद होत नाही. ‘डिटेन्शन’ साठच्या दशकातील लष्करी कायद्याखालच्या तैवानमधील एका शाळेत घडतो. त्यात भुतांपासून वाचण्यासाठी श्वास रोखून जावे लागते, पण शेवटी मनात घर करतात ती भुते नव्हेत, तर एका मुलीने केलेली चूक. या प्रकारच्या काही गेममध्ये आत्महत्येचा विषयही येतो. मन आधीच खिन्न असेल, अलीकडे घरात दुःखद घटना घडली असेल, तर एकट्याच्या रात्री हा खण उघडू नये; एखाद्या रविवारी दुपारी, कोणी घरात असताना खेळावे.

जात ठरली की आणखी एक प्रश्न विचारावा: संकट समोर आले तर हातात काय असेल? हत्यार असलेला गेम नवख्याला धीर देतो. काहीच नसलेला गेम, जसा ‘ॲम्नेशिया’ किंवा ‘आउटलास्ट’, पहिल्यांदाच खेळणाऱ्याला बहुधा अर्ध्यावर सोडावा लागतो. ‘ॲम्नेशिया: द बंकर’ या २०२३ सालच्या गेममध्ये मधला मार्ग आहे: पहिल्या महायुद्धाच्या खंदकाखालील बंकर, मोजक्या गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आणि इंधन संपले की थांबणारा जनरेटर. ‘सोमा’मध्ये २०१७च्या अखेरीस सुरक्षित पद्धत दिली गेली, तीत राक्षस असतात पण जीव घेत नाहीत, ती वापरण्यात कमीपणा मानू नये.

दिवसा करायची कामे

निवड झाली की यंत्राची कुवत पाहावी. ऑनलाइन दुकानातील गेमच्या पानावर किमान गरजा दिलेल्या असतात. त्यांत ग्राफिक्स कार्ड आणि लागणारी जागा या दोन ओळी आधी वाचाव्यात. ‘डार्क डिसेंट’ जुना असल्याने साध्या लॅपटॉपवरही सहसा चालतो, आणि ‘डिटेन्शन’ तर द्विमितीय आहे. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांच्यासाठी ‘फाइव्ह नाइट्स’, ‘लिम्बो’ आणि चांगल्या क्षमतेच्या फोनवर ‘एलियन: आयसोलेशन’ही उपलब्ध आहे. डाउनलोड आणि अपडेट दुपारीच आटोपून घ्यावेत, कारण रात्री साडेदहाला सुरू झालेले वीस गीगाबाइटचे डाउनलोड भीतीपेक्षा संताप अधिक देते.

हे गेम मराठीत नाहीत, त्यामुळे कथा इंग्रजी पत्रांतून आणि रोजनिशांतून सांगितली जाते हे लक्षात घ्यावे. उपशीर्षके सुरू ठेवावीत. वाचनाचा कंटाळा असेल तर ‘लिटल नाइटमेअर्स’ किंवा ‘लिम्बो’ घ्यावा. त्यांत संवादच नाहीत.

याद्यांमध्ये आजही दिसणारे एक नाव शोधत बसू नये. ‘पी.टी.’ हा २०१४ सालचा छोटा डेमो, ज्यात एकाच बोळातून पुन्हा पुन्हा जावे लागते (अगदी आपला चकवाच), २०१५ साली प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून टाकण्यात आला आणि तो आता तेथून घेता येत नाही.

विकत घेण्याआधी चाचणी घेता आली तर उत्तम. ‘रेसिडेंट एव्हिल ७’चा ‘बिगिनिंग अवर’ हा डेमो मोफत आहे. ‘फिअर्स टू फॅदम’ या भारतीय स्टुडिओच्या मालिकेचा पहिला भागही मोफत मिळतो, तासाभराच्या आत संपतो आणि त्याचा विषयच घरात एकटा राहिलेला मुलगा हा आहे. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मिळवता येतात. तासाभराचा गेम पुरा खेळून मग परत करणे नियमात बसते, पण लहान स्टुडिओंच्या बाबतीत ते बरे दिसत नाही. दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ पाहणे मात्र टाळावे. एकदा पाहिलेली दचक पुन्हा त्याच जोराने बसत नाही.

पानावरील वयोमर्यादा वाचावी. वर सांगितलेल्यांपैकी कित्येक गेम युरोपच्या पेगी पद्धतीत १८ वर्षांवरील वयासाठी आहेत, आणि घरातील शाळकरी मुलाच्या खात्यावर ते उतरवून ठेवू नयेत. चमकणाऱ्या प्रकाशाने झटके येण्याचा त्रास असलेल्यांनी त्याविषयीची सूचना आवर्जून पाहावी. प्रथमपुरुषी दृश्याने, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या दृश्याने, ज्यांना मळमळते, त्यांनी सेटिंगमधले दृष्टिक्षेत्र (एका वेळी दिसणारा भाग) थोडे वाढवावे आणि चालताना कॅमेरा हलण्याचा पर्याय बंद करावा.

सुरुवातीची पंधरा मिनिटे दिवसाउजेडीच खेळून घ्यावीत. कोणते बटण दाबल्यावर दिवा लागतो आणि कोणते दाबल्यावर पळता येते, हे शिकण्यात रात्रीचा पहिला घाबरण्याचा क्षण खर्ची पडू नये.

रात्री

पडद्याच्या उजेडाची जुळणी मात्र रात्री, खोलीत अंधार केल्यावरच करावी. दिवसा ठरवलेला उजेड रात्री फार भडक वाटतो आणि अंधारातले सगळे गुपित फोडतो. हेडफोन चांगले असावेत, आवाज मध्यम असावा. या जातीच्या गेममध्ये चित्रापेक्षा आवाज अधिक काम करतो, हे आवाज बंद करून दोन मिनिटे खेळले तर लगेच कळते. घराचे दार आधीच लावून घ्यावे, कारण हेडफोन घातल्यावर बेल ऐकू येत नाही आणि नंतर उठून कडी पाहायला जाणे जिवावर येते. फोन दुसऱ्या खोलीत न ठेवता जवळच, पण उलटा ठेवावा.

थांबण्याची वेळ घड्याळाप्रमाणे नव्हे, तर सेव्हच्या जागेप्रमाणे ठरवावी, आणि ती आल्यावर ‘अजून एकच दार’ म्हणू नये. शेवटी एक घरगुती सूचना: संगणकापासून न्हाणीघरापर्यंतची वाट अंधारी असेल, तर त्या बोळातला दिवा गेम सुरू करण्यापूर्वीच लावून ठेवावा.