कुंतीचे कुंपण: दाट आणि बारमाही हिरवे

कुंती, म्हणजे नर्सरीतली कामिनी, जून-जुलैत लावावी. दीड फूट रुंद, तेवढाच खोल चर खणून दोन भाग मातीत एक भाग शेणखत मिसळा. काळ्या जमिनीत तळाशी मुरूम हवाच. पाणी साचले की मुळे कुजतात. रोपांत सव्वा फूट अंतर ठेवा.

रोपे रुजून नवी फूट दिसली की शेंडे एक तृतीयांश छाटा. इथे बहुतेकांचा हात थरथरतो. पण न छाटलेले रोप सरळ वर जाते आणि कुंपण खालून कायमचे विरळ राहते. पुढेही बुंध्याकडे रुंद, माथ्याला किंचित अरुंद असा आकार ठेवा, नाहीतर वरच्या सावलीने खालची पाने गळतात. फुले कोवळ्या फुटीच्या टोकाला येतात. सतत कात्री चालवली तर सुगंध विसरा. मोठी छाटणी बहर ओसरल्यावरच.

नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या? चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातले लोह) फवारा. कोवळी पाने वळली तर सिट्रस सिल्ला (रस शोषणारी बारीक कीड) आहे का तपासा आणि संध्याकाळी लिटरमागे ५ मिली निंबोळी तेल, थोडा द्रव साबण घालून फवारा. ही कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग हा झाड खंगवणारा रोग पसरवते, म्हणून लिंबाशेजारी कुंती नको.