कंट्री डुएट 'नंबर वन' होतं म्हणजे नक्की कुठे? चार्ट असा वाचायचा

कुणी म्हणालं की अमुक कंट्री डुएट (म्हणजे अमेरिकन कंट्री संगीतातलं दोघांनी मिळून गायलेलं गाणं) नंबर वनला होतं, तर लगेच मान डोलवू नका, आधी विचारा कुठल्या चार्टवर. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाचे चार्ट, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवार याद्या, ढीगभर आहेत. आपल्याला मुख्य दोन पुरतात, हॉट १०० जिथे पॉप, रॉक, रॅप सगळं एकाच आखाड्यात उतरतं, आणि हॉट कंट्री सॉंग्ज जिथे फक्त घरचीच मंडळी. १९९७ चं 'इट्स युअर लव्ह' घ्या, टिम मॅकग्रॉ आणि फेथ हिल. कंट्रीत सलग सहा आठवडे पहिलं, हॉट १०० वर मात्र सातव्या नंबरपर्यंतच. दोन्ही आकडे खरे. आणि हो, शोधताना टिमच्या नावाखाली बघा, कारण फेथचं नाव तिथे 'विथ' म्हणून मागे लावलंय. डुएट शोधताना हा घोळ नेहमीचाच.

दुसरं म्हणजे साल बघा, कारण मोजायची पद्धतच बदलत गेलीय. आधी रेडिओ स्टेशनं आपली यादी कळवायची, १९९० पासून कंट्री चार्टसाठी गाणं खरंच किती वेळा वाजलं ते मशीनने मोजायला लागले. त्यात एक गंमत, डिसेंबर १९९८ पर्यंत ज्या गाण्याचं सिंगल (त्या एकाच गाण्याची सुटी रेकॉर्ड किंवा सीडी) दुकानात विकायला नव्हतं ते हॉट १०० वर येऊच शकत नव्हतं, मग रेडिओवर कितीही वाजो. म्हणून नव्वदच्या दशकातलं एखादं बॅलड, म्हणजे संथ, भावुक गाणं, तिथे दिसलं नाही तर ते आपटलं असं समजू नका. पुढे २०१२ मध्ये हॉट कंट्री सॉंग्जमध्ये स्ट्रीमिंग आणि डाउनलोड पण धरायला लागले, आणि निव्वळ रेडिओसाठी कंट्री एअरप्ले वेगळा काढला. याचा परिणाम बघायचा तर २०२३ चं 'आय रिमेंबर एव्हरीथिंग', झॅक ब्रायन आणि केसी मस्ग्रेव्ह्ज, हॉट १०० वर आलं तेच थेट पहिल्या नंबरवर! रेडिओच्या जोरावर चढणारी गाणी आठवडेच्या आठवडे पायऱ्या मोजत बसायची.

१९८३ चं 'आयलंड्स इन द स्ट्रीम' दोन्हीकडे पहिलं होतं, केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन, आणि गाणं लिहिलेलं बी जीजच्या गिब भावांनी, म्हणजे पॉपवाल्यांच्या कानाला ओळखीचंच. त्याला बॅलड म्हणावं का यावर भांडता येईल, मी तरी नाही म्हणणार, ठेका फारच मजेत चाललाय.

आता चार्ट बाजूला ठेवा, एक कागद घ्या आणि गाणं ऐकत प्रत्येक ओळीपुढे तो, ती किंवा दोघं असं लिहा. हे मी 'व्हिस्की ललबाय'ला केलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. २००४ चं, ब्रॅड पेझली आणि अॅलिसन क्राउस. पहिलं कडवं तो गातो, दारूत स्वतःला संपवणाऱ्या माणसाचं, दुसरं ती गाते, त्याच्या मागे तशीच गेलेल्या बाईचं, आणि दोघांचे आवाज एकत्र येतात ते कोरसमध्ये, म्हणजे दफनाच्या वेळीच. एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत हो! कंट्रीत हे तिसऱ्या नंबरवर थांबलं, पण २००५ चा सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) सॉंग ऑफ द इयर ह्याच्याच लेखकांना, बिल अँडरसन आणि जॉन रँडलला. म्हणून नंबर बघून झाला की अवॉर्ड पण बघून घ्या.

शेवटी गाणाऱ्यांचं आपसात काय चाललं होतं ते तपासा. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांचा घटस्फोट १९७५ चा, आणि 'गोल्डन रिंग' कंट्रीत पहिलं आलं १९७६ ला. लग्नाच्या अंगठीचं गाणं आहे. तारखा माहीत करून मग ऐका, शेवटच्या कडव्यात ती अंगठी परत त्याच गहाणाच्या दुकानात पडलेली असते.