आरोग्यसेवा सुधारणेच्या वादातील युक्तिवाद कसा तपासावा

आरोग्यसेवेच्या कायद्यावरून वाद पेटला की लोकांच्या लक्षात विधेयक राहत नाही, एखादे वाक्य राहते. म्हणून आधी ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि ते विधेयकाच्या कोणत्या कलमावर उभे आहे, हे शोधावे.

सरावासाठी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या आरोग्यसेवा सुधारणेवरून अमेरिकेत २००९ साली झालेला वाद घेऊ. त्या ऑगस्टमध्ये अलास्काच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिले की, आपल्या आईवडिलांना किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या बाळाला ओबामांच्या ‘डेथ पॅनल’पुढे, म्हणजे उपचार कोणाला मिळावेत हे ठरवणाऱ्या मंडळापुढे, उभे राहावे लागेल. प्रतिनिधिगृहातील विधेयकाचे १२३३ वे कलम उघडले, तर तिथे असे कोणतेही मंडळ सापडत नाही. अखेरच्या काळात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याविषयी रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरांचा सल्ला घेतल्यास त्याचे शुल्क मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठी असलेल्या सरकारी विमा योजनेने, द्यावे, एवढीच ती तरतूद होती. आता शब्द सुटे करून पाहावेत. ‘पॅनल’ म्हणताच टेबलामागे बसलेले अधिकारी दिसू लागतात, ‘बाळ’ म्हणताच त्यांच्यापुढे कोण उभे आहे ते कळते, आणि ‘लागेल’ या एका क्रियापदाने ऐच्छिक सल्ल्याची सक्ती होऊन जाते. मला यातले सर्वांत प्रभावी हत्यार हे क्रियापदच वाटते. पुढे अंतिम कायद्यातून ही तरतूद वगळण्यात आली.

हीच कसोटी आपल्याला पटणाऱ्या बाजूलाही लावावी, आणि हे अधिक अवघड असते. ‘तुमची विमा योजना तुम्हाला आवडत असेल, तर ती तुम्हाला ठेवता येईल,’ असे ओबामा वारंवार सांगत. कायद्याने मात्र २३ मार्च २०१० रोजी अस्तित्वात असलेल्या आणि नंतर फारशा न बदललेल्या योजनांनाच अभय दिले होते, आणि त्या कायम ठेवण्याची सक्ती विमा कंपन्यांवर नव्हती. २०१३ मध्ये लाखो लोकांच्या हाती योजना रद्द झाल्याची पत्रे पडली, तेव्हा आश्वासनातून गळलेल्या अटी सर्वांना दिसल्या. तेव्हा ‘कोणालाही’, ‘कधीच’, ‘सर्वांना’ असे शब्द आले की अट कुठे गेली, हे विचारावे.

जाहिरात असेल तर खर्च कोणी केला, ते पाहावे. १९९३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आरोग्यसेवा योजनेविरुद्ध घरच्या टेबलाशी बसून काळजी करणारे हॅरी आणि लुईस हे जोडपे टीव्हीवर झळकले; पैसे विमा कंपन्यांच्या संघटनेचे होते.

भावनेला केलेले प्रत्येक आवाहन खोटे मानण्याचे मात्र कारण नाही. आधीपासून आजार असल्यामुळे विमा नाकारला गेलेल्या अमेरिकी रुग्णांच्या कहाण्या खऱ्या होत्या, कारण २०१४ पूर्वी बहुतेक राज्यांत वैयक्तिक विम्याच्या बाबतीत कंपन्यांना तसे करता येत असे. अशी कहाणी ऐकल्यावर एवढेच तपासावे की, ज्या सुधारणेसाठी ती सांगितली जात आहे, त्या सुधारणेने नेमक्या याच रुग्णाची अडचण सुटते का.