बेसाल्टच्या भेगांतून किरणोत्सारी कचरा: एक्सेलमधले पहिले प्रारूप

नाशिककडच्या एखाद्या जुन्या विहिरीत डोकावून पाहा. मांजऱ्या खडक (छिद्राळ बेसाल्ट) पाझरतो, काळ्या कातळात मात्र पाणी येते ते भेगेतूनच. प्रारूप फसते ते नेमके याच फरकावर. खडक इथला घेतलाय तो सरावापुरता. भारतात किरणोत्सारी कचऱ्याचे असे खोल भांडार अजून नाही.

कचरा पाण्याबरोबर जाईल ती वाट १०० मीटर, २ मीटरचे ५० कप्पे म्हणजे ५० स्तंभ. दर ओळ ०.१ वर्षाची. वेग वर्षाला १ मीटर, पसरण गुणांक वर्षाला १० चौरस मीटर (वेग × वाटेचा दहावा हिस्सा). डार्सीच्या नियमातून (खडकातून किती पाणी वाहते ते सांगणारा नियम) येणारा प्रवाह म्हणजे वेग नव्हे. त्याला सच्छिद्रतेने (खडकातल्या पोकळीचा हिस्सा) भागा. सच्छिद्रता ०.०१ असताना हे विसरलात तर चूक शंभरपट.

प्रत्येक घरात संहती, म्हणजे पाण्यातले कचऱ्याचे प्रमाण. जुनी, डावी, उजवी या वरच्या ओळीतल्या; 'र' म्हणजे दगडाला चिकटल्याने कचरा पाण्यापेक्षा किती पट हळू जातो तो आकडा:

नवी संहती = जुनी + (०.१ ÷ र) × [१० × (डावी − २ × जुनी + उजवी) ÷ ४ − १ × (जुनी − डावी) ÷ २]

विघटनासाठी उत्तराला ०.५ च्या (०.१ ÷ अर्धायुष्य) या घाताने गुणा; अर्धायुष्य म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारी वर्षे. इथे 'र'ने भागायचे नाही: दगडाला चिकटलेला अणूही विघटित होतोच. पहिल्या घरात कायम १. शेवटच्या घराला 'उजवी' म्हणून त्याचीच संहती द्या. ओळ ०.३ वर्षाची केलीत तर आकडे उणे-अधिक उसळतात, कारण १० × ०.३ ÷ ४ हे ०.५ च्या वर जाते.

आधी र = १ ठेवून, विघटन बंद करून चालवा. टोकाला निम्मी संहती १०० वर्षांच्या आधीच पोहोचली पाहिजे.

मग र = १ + (घनता ÷ सच्छिद्रता) × वितरण गुणांक (दगडाला चिकटलेल्या आणि पाण्यात उरलेल्या कचऱ्याचे गुणोत्तर). घनता २.७, गुणांक १ मिलिलिटर प्रतिग्रॅम धरला तर र = २७१. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षे. ते वाटेतच संपते. आयोडीन-१२९ जवळजवळ चिकटत नाही आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १.५७ कोटी वर्षे, म्हणून खरी काळजी त्याची.

पण हा २७१ फसवा आहे. गुणांक बहुधा कुटलेल्या दगडावर मोजतात. कुटल्याने नवे पृष्ठभाग उघडे पडतात. भेगेतले पाणी फक्त भिंतींना शिवते. म्हणून भेगेसाठी र = १ ठेवा आणि प्रत्येक कप्प्याला भिंतीतल्या दगडाचे आडवे, बिनवेगाचे, फक्त विसरणाचे कप्पे जोडा. भिंतीलगतचा मिलिमीटरभर, पुढचे वाढत जाणारे. सगळे सारखे २ मीटरचे केले तर भिंतीत शिरणारा वाटा चुकतो. सर्वात लहान कप्प्यावरून ०.५ ची मर्यादा पुन्हा तपासा.