फोन नंबर लांबण्याआधीची तयारी

मोबाइल नंबर दहा आकड्यांहून लांब होणार अशी बातमी आली की सगळ्यात आधी ती तपासा. नंबर किती आकडी असावा हे दूरसंचार विभाग ठरवतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, फक्त शिफारस करते, आणि शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. २०१८ च्या सुरुवातीला सगळ्यांचे मोबाइल नंबर तेरा आकडी होणार अशी आवई उठली होती. तेरा आकडे त्या वर्षी १ जुलैपासून आले खरे, पण यंत्रांत बसणाऱ्या सिमसाठी: स्वाइप मशीन, गाडीचा ट्रॅकर, विजेचा मीटर. माणसांचे दहाचे दहाच राहिले. तेव्हा फॉरवर्ड आला म्हणून पावतीपुस्तकं रद्दीत घालू नका. पण फोंड्याची पतसंस्था असो, डिचोलीचं देवस्थान असो की कळंगुटचं चार खोल्यांचं गेस्ट हाऊस, आपला आणि इतरांचा नंबर कुठे कुठे लिहिलाय याची यादी आजच करायला हरकत नाही. एक्स्चेंजमधलं काम कंपन्या बघतील. घोळ होतो तो आपल्या कागदांत आणि कॉम्प्युटरात.

सभासदांची यादी एक्सेलमध्ये असेल तर मोबाइलचा कॉलम ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर सुरुवातीचं शून्य एक्सेल गुपचूप गिळतं, आणि ९१ लावून बारा आकडे झाले की सेलमध्ये ९.१८ई+११ असलं काहीतरी दिसू लागतं. मग सॉफ्टवेअरवाल्याला गाठा. रकान्यात जास्तीत जास्त किती आकडे मावतात? दहापेक्षा जास्त टाकले तर एंट्री अडते का? आणि ६, ७, ८, ९ सोडून दुसऱ्या आकड्याने सुरू होणारा मोबाइल नंबर चालतो का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण खरी गोम तिथेच आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावं लागतं, ते एवढ्यासाठीच. शून्य आलं की हा स्थानिक लँडलाइन नंबर नव्हे हे एक्स्चेंजला कळतं, आणि मग इतर आकड्यांनी सुरू होणारे मोबाइल नंबरही देता येतात. त्यातून सुमारे २५४ कोटी नंबरांची जागा मोकळी झाली. म्हणजे नंबर लांबण्याआधी वेगळ्याच आकड्याने सुरू होणारा नंबर तुमच्या काउंटरवर येऊ शकतो. रकाना किती मोठा ठेवायचा? देशाच्या कोडसकट पंधरा आकडे ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. पुढच्या ‘+’ चिन्हासाठी एक जागा वाढवा, पुरे.

आखातात घरचं माणूस असलेल्यांना हे नवं नाही. कुवेतने १७ ऑक्टोबर २००८ ला सात आकड्यांचे आठ केले: लँडलाइनच्या पुढे २, एका मोबाइल कंपनीला ६, दुसरीला ९. कतारने २०१० मध्ये पहिला आकडाच दोनदा लावायला सांगितला. कतारची पद्धत असली की एका फॉर्म्युल्यात अख्खी यादी बदलते. कुवेतसारखी आली तर आपली पंचाईत, कारण पोर्टिंगमुळे, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येत असल्यामुळे, नंबर बघून कंपनी सांगता येत नाही. एकेका सभासदाला विचारत बसावं लागेल. काहीही झालं तरी जुना कॉलम पुसू नका, नवा शेजारी घाला.

लँडलाइन अजून असेल तर तिच्याकडे वेगळं बघा. पूर्वी पणजीचे नंबर सहा आकडी होते, पुढे २ लागून सात झाले. आता फेब्रुवारी २०२५ मधली ट्रायची शिफारस अशी की लँडलाइनवरून लँडलाइनलाही शून्य आणि एसटीडी कोड लावूनच फोन करायचा. म्हणजे पणजीतून पणजीलाही ०८३२. नंबर तोच, फक्त बोटांना काम जास्त. फोन करणारी माणसं चुकतमाकत शिकतात, यंत्रं शिकत नाहीत. ऑफिसचा इंटरकॉम, स्पीड डायल, लिफ्टमधला फोन, चोरघंटी वाजली की आपोआप नंबर लावणारी पेटी, या सगळ्यांत नंबर कसे भरलेत ते बसवणाऱ्याकडून लिहून घ्या. चोरघंटीचं तर आधी बघा, कारण तिने चुकीचा नंबर लावला तर कुणाला पत्ताच लागणार नाही.

घरातल्या आजी-आजोबांना एक गोष्ट दोनदा सांगा: ‘तुमचा नंबर अपग्रेड करायचाय, ओटीपी द्या’ असा फोन आला की तो ठेवून द्यायचा. नंबर बदलायचा झाला तर सगळ्यांचा एकदमच बदलेल, त्याला कुणाचा ओटीपी लागत नाही. ११२ आणि १०८ हे छोटे नंबर वेगळे, त्यांचा या लांबीशी संबंध नाही.

छपाई सगळ्यात शेवटी. मोबाइलसाठी दहा चौकोन छापलेले फॉर्म असतील तर पुढच्या खेपेला चौकोन काढून नुसती रेघ मारायला सांगा. दुकानाच्या पाट्या तारीख जाहीर होईपर्यंत रंगवू नका. रंगवायचीच असेल तर नंबराच्या डावीकडे दोन आकड्यांची जागा मोकळी सोडायला सांगा. आणि पेंटरला पाऊस लागायच्या आधीच धरा, नाहीतर तो चवथ (गणेश चतुर्थी) झाल्याशिवाय हाती लागत नाही.