हृदयपंप बसवलेल्या रुग्णाला पक्षाघातापासून जपण्यासाठी : खान्देशातील कुटुंबांकरिता मार्गदर्शन

हृदयाच्या डाव्या जवनिकेला (शरीराला रक्त पुरवणाऱ्या खालच्या कप्प्याला) औषधांच्या आधारानेही आपले काम पेलेनासे झाले, की काही रुग्णांमध्ये तिच्या टोकाशी शस्त्रक्रियेने एक छोटा पंप बसवला जातो. हा पंप जवनिकेतील रक्त ओढून घेऊन नळीवाटे महाधमनीत सोडतो. त्याला वीज पुरवणारी केबल पोटाच्या त्वचेतून बाहेर येते आणि कंबरेवरच्या कंट्रोलरला (पंप चालवणाऱ्या व इशारा देणाऱ्या छोट्या यंत्राला) व दोन बॅटऱ्यांना जोडलेली असते. डॉक्टर त्याला एलव्हीएडी म्हणतात. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे किंवा चेन्नईसारख्या शहरात होते. रुग्ण मात्र घरी परततो तो शिरपूरला, चोपड्याला, शहाद्याला किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या गावी, आणि पंपासह जगण्याचे पुढचे दिवस तिथेच जातात. या काळातील गुंतागुंतींमध्ये पक्षाघात ही सर्वांत जास्त नुकसान करणारी आहे. तो टाळण्याचे बरेचसे काम घरातच होते, आणि तो आलाच तर रुग्णाचे पुढे काय होणार हे आधी केलेल्या तयारीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, म्हणून हे मार्गदर्शन घरच्यांसाठी लिहिले आहे. यात दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या रुग्णासाठी पंप बसवणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेले आकडेच पाळावेत.

धोका कुठून येतो

पक्षाघात दोन प्रकारे येतो आणि या रुग्णांना दोन्हींचा धोका असतो. पंपाचा धातू शरीराला परका असल्यामुळे त्याच्या संपर्कात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती वाहत जाऊन मेंदूची रक्तवाहिनी बंद करू शकते. हे टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी पंप असेपर्यंत रोज घ्यावी लागते. दुसरीकडे, पंपाच्या वेगवान फिरण्याने रक्तातील व्हॉन विलब्रँड हा रक्तस्राव थांबवण्यास मदत करणारा घटक तुटत राहतो, त्यात गोळीची भर पडते, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. म्हणजे एका धोक्यावरचा उपाय दुसरा धोका वाढवतो. या उपचारातील खरी अडचण ही आहे, आणि ती नीट समजलेले कुटुंब पुढची प्रत्येक सूचना मनापासून पाळते.

पंप कोणता आहे यानेही फरक पडतो, म्हणून त्याचे नाव घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. मोमेंटम ३ या मोठ्या चाचणीचा अंतिम अहवाल २०१९ मध्ये आला. तीत १,०२८ रुग्ण होते आणि चुंबकीय शक्तीने अधांतरी फिरणाऱ्या हार्टमेट ३ पंपाच्या रुग्णांमध्ये दोन वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १० टक्के आढळले, तर जुन्या हार्टमेट २ च्या रुग्णांमध्ये ते सुमारे १९ टक्के होते. एचव्हीएडी या तिसऱ्या पंपाबाबत मेंदूच्या गुंतागुंती व मृत्यू जास्त आढळल्याने, शिवाय थांबलेला पंप पुन्हा सुरू न होण्याच्या तक्रारींमुळे, मेडट्रॉनिक कंपनीने जून २०२१ मध्ये त्याची विक्री थांबवली. ज्यांच्या शरीरात तो आधीपासून आहे त्यांनी घाबरून काही करू नये, पण पुढे सांगितलेल्या रक्तदाबाच्या नियमात कणभरही ढिलाई करू नये.

रक्तदाब

नियंत्रणात ठेवता येण्याजोग्या कारणांमध्ये मी रक्तदाबाला पहिले स्थान देईन. एचव्हीएडीच्या एका पुढील अभ्यासात रक्तदाबावर काटेकोर लक्ष ठेवण्याची पद्धत घालून दिल्यावर मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले होते.

अडचण मोजण्याची आहे. पंप रक्त अखंड पुढे ढकलत असल्यामुळे अनेक रुग्णांची नाडी हाताला लागत नाही, आणि घरी वापरले जाणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र पुष्कळदा आकडा दाखवतच नाही किंवा चुकीचा दाखवतो. त्यासाठी पट्ट्याचे साधे यंत्र आणि रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे, हातात धरायचे छोटे डॉप्लर यंत्र लागते : दंडाला पट्टा बांधून हवा भरायची, डॉप्लर कोपराच्या आतल्या बाजूला धमनीवर धरायचे, आणि हवा हळूहळू सोडताना आवाज ज्या आकड्यावर परत येतो तो लिहून ठेवायचा. नाडी फारच क्षीण असलेल्या रुग्णात हा आकडा सरासरी रक्तदाबाच्या जवळ असतो, आणि तो साधारणपणे ८५ ते ९० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. रुग्णालयातून सुटी मिळण्यापूर्वी घरातील दोघांनी ही पद्धत परिचारिकेसमोर करून दाखवावी. एकालाच येत असेल आणि तो एक दिवस बाहेरगावी गेला, तर नोंद तुटते.

गोळी, आणि गोळीला बिघडवणाऱ्या गोष्टी

वॉरफरिन किंवा असिट्रॉम या नावाने मिळणारे असिनोकुमॅरॉल यांपैकी एक गोळी दिलेली असते. या दोन गोळ्यांची मात्रा वेगळी असते, त्यामुळे औषध दुकानदाराने एकीऐवजी दुसरी दिली तर ती कधीही स्वीकारू नये. गोळीचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीने मोजतात आणि तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान राखला जातो. त्याखाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी आणि निकाल त्याच दिवशी फोनवरून पंपाच्या केंद्राला, म्हणजे पंप बसवलेल्या रुग्णालयाला, कळवावा. पूर्वी पंपाबरोबर अ‍ॅस्पिरिनही सर्रास देत असत, परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एरीस या चाचणीत हार्टमेट ३ च्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन न देता गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव घटला असे दिसले. म्हणून शेजारच्या हृदयरुग्णाला अ‍ॅस्पिरिन चालू आहे हे पाहून ती आपल्या मनाने सुरू करू नये, आणि चालू असेल तर आपल्या मनाने बंदही करू नये.

आपल्या भागात सर्वांत जास्त सांभाळावे लागते ते दुखण्यावरच्या इंजेक्शनांना. कंबर धरली, ताप आला, की गावातल्या दवाखान्यात जाऊन एक इंजेक्शन घ्यायचे ही सवय फार जुनी आहे. या रुग्णाला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके रक्तस्रावाकडे नेऊ शकतात, आणि मांसात दिलेल्या सुईने तिथेच रक्त साकळू शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, एवढीच मोकळीक समजावी. मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनॅझोल ही औषधे आयएनआर झपाट्याने वाढवतात, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो खाली ओढते. त्यामुळे कोणतेही नवे औषध सुरू करताना आणि बंद करतानाही पंपाच्या केंद्राला आधी विचारावे, आणि काही दिवसांत आयएनआर पुन्हा तपासावा. जडीबुटी, काढे, भस्मे यांत नेमके काय आहे हे कळत नसल्याने ती पूर्णपणे टाळावीत.

जेवणाबाबत भीती बाळगण्याचे कारण नाही, मात्र प्रमाण सारखे हवे. मेथी, पालक, कांद्याची पात यांतील के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. हिवाळ्यात भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या की कांद्याची पात भरपूर पोटात जाते, आणि आयएनआर खाली आल्यावर कारण सापडत नाही. भरीत वर्ज्य नाही. आठवड्यात पालेभाजी जेवढी ठरली आहे तेवढीच राहावी, इतकेच पाहावे. केळ्याचा प्रश्न निराळा आहे : केळ्यात पोटॅशियम असते आणि हृदयरुग्णांच्या काही औषधांनीही ते वाढते, म्हणून बाग घरची असली तरी रोज किती केळी चालतील हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. श्रावणातले किंवा एकादशीचे कडक उपास करू नयेत, कारण जेवण तुटले की आयएनआर हलतो आणि शरीरातील पाणीही कमी होते.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. भुसावळ-जळगावचा पारा वैशाखात ४५ अंशांकडे जातो, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरोघरी पाहुणे व प्रवास असतो. घामाने पाणी घटले की पंपाला पुरेसे रक्त मिळत नाही आणि कमी प्रवाहाचा इशारा वाजू लागतो. लघवीच्या गोळ्या चालू असताना जुलाब किंवा उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी केंद्राला फोन करावा. पाणी किती प्यावे याची मर्यादाही उन्हाळ्यासाठी वेगळी लिहून घ्यावी. केबलच्या जागी घाम साचला तर जंतुसंसर्गाला वाव मिळतो. त्या जागी लाली, पू, वास किंवा दुखणे दिसले तर ते त्वचेपुरते समजू नये, कारण जंतू रक्तात उतरले तर मेंदूच्या रक्तवाहिन्या दुबळ्या होऊन फुटू शकतात. ताप आणि डोकेदुखी एकत्र आली तर सकाळची वाट पाहू नये.

लघवी चहासारखी गडद होणे हे पंपात गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. शौच डांबरासारखे काळे होणे हा आतड्यातील रक्तस्रावाचा इशारा असतो. अशा वेळी डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी काही काळ थांबवतात, आणि त्या काळात गुठळीचा धोका वाढत असल्याने हे दिवस अधिक जागरूकतेने काढावे लागतात.

वीज

पंप थांबला की त्यातील रक्त साकळते, आणि म्हणून वीजपुरवठा हाही पक्षाघाताशी थेट जोडलेला विषय आहे. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी कधीही काढू नयेत. एक बदलून जोडल्याची खात्री झाल्यावरच दुसरी काढावी. रात्री झोपताना रुग्ण घरच्या विजेवर असावा, आणि ते यंत्र अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या अशा सॉकेटला जोडावे, जिथे लहान मुलाच्या हातून बटण बंद होणार नाही. पावसाळ्यापूर्वीच्या वादळात तारा तुटून गावाची वीज दिवसभर जाते, त्यामुळे भरलेल्या बॅटऱ्यांची एक जादा जोडी नेहमी तयार हवी, आणि वीज असलेले जवळचे ठिकाण कोणते हेही आधी ठरलेले असावे. पंप क्षणभर जरी थांबला असला, तरी वीज ताबडतोब जोडून केंद्राला कळवावे.

जवळच्या रुग्णालयाशी आधीच ओळख

पक्षाघात झाल्यावर धुळ्याहून मुंबईचा सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास हा पहिला उपाय असू शकत नाही. पहिले उपचार सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या जवळच्या रुग्णालयातच व्हावे लागतात. रुग्ण धडधाकट असतानाच धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या खासगी रुग्णालयात जाऊन भेटावे आणि एक पानी माहितीपत्रक देऊन ठेवावे. त्यावर पंपाचे नाव, केंद्राचा चोवीस तास लागणारा फोन, चालू औषधे, शेवटचा आयएनआर आणि पुढील सूचना ठळक अक्षरांत असाव्यात : नाडी न लागणे या रुग्णात स्वाभाविक आहे, पंप चालू आहे का हे छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोपने गुणगुण ऐकून समजते, एमआरआय करायचा नाही, सीटी चालतो, केबल ओढायची किंवा कापायची नाही. हेच पत्रक १०८ च्या रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनाही द्यावे.

लक्षणे दिसल्यावर

तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा असंबद्ध होणे, अचानक तोल जाणे, एका बाजूचे दिसेनासे होणे, कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखणे किंवा आकडी (फिट) येणे, यांपैकी एक लक्षणही पुरेसे आहे. ते पाच मिनिटांत गेले तरी रुग्णालयात न्यायचेच. रुग्ण बेशुद्ध आहे पण पंपाची गुणगुण चालू आहे, अशा वेळीही पक्षाघाताचा संशय घ्यावा आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी.

रुग्ण शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहावी, १०८ ला आणि केंद्राला फोन करावा, रुग्णाला एका कुशीवर ठेवावे, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नये. अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कोणीही सांगू शकत नाही. अंगावरून वारे गेले म्हणून मालिशवाल्याकडे किंवा लकव्याचे औषध देणाऱ्या गावी नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. सोबत जादा कंट्रोलर, सर्व बॅटऱ्या, चार्जर आणि नोंदवही न्यावी, आणि पंप हाताळता येणारी व्यक्ती रुग्णाजवळच राहावी.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात, पण रक्त पातळ असलेल्या या रुग्णांना ते बहुतेक वेळा देता येत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नळीने गुठळी बाहेर काढण्याचा पर्याय उरतो, आणि ती सोय कोणत्या शहरात आहे हे माहितीपत्रकावर आधीच लिहिलेले असावे. रक्तस्राव असेल तर गोळीचा परिणाम उलटवावा लागतो. गोळी किती दिवस थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची हा निर्णय मेंदूचे डॉक्टर आणि पंपाचे केंद्र यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. तो फोन लागला आहे ना, हे घरच्यांनी विनासंकोच विचारावे.

त्यानंतर

गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये, कारण घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. ज्याचा एक हात लुळा पडला आहे त्याला एकट्याने बॅटरी बदलता येत नाही, आणि ज्याची वाचा गेली आहे तो इशारा वाजल्याचे सांगू शकत नाही. म्हणून पक्षाघातानंतर रुग्णाला काही काळ एकटे ठेवू नये आणि बॅटरी बदलण्याचे काम नावानिशी वाटून घ्यावे. हृदयप्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल, तर ते तसेच राहते की थांबवले जाते हे केंद्राला स्पष्ट विचारावे. व्यायाम लवकर सुरू करावा, मात्र फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी पंपाची माहिती द्यावी : शरीरात खोलवर शेक देणारे डायथर्मी यंत्र या रुग्णावर वापरायचे नाही, विजेच्या इतर उपकरणांसाठी केंद्राची परवानगी घ्यायची, आणि उठवताना-बसवताना केबलला ताण पडू नये म्हणून ती आधी पट्ट्याने पोटावर पक्की करायची.